दुसरी हाक

कॉपी पुन्हा तिथेच अडकली. निलोफरने मघापासून निवत ठेवलेला चहा उचलला. त्यावर साय धरली होती. ती बोटाने काढून तिने पडवीच्या कडेला टाकली, चहा एका दमात संपवला आणि परत स्क्रीनकडे पाहिलं. नावं वर सरकत होती. हीच नावं ती मघाशी वाचून बसली होती.

घर मुळशीत, चढावर. पडवीतून खाली धरण दिसायचं. मे महिन्यात मात्र पाण्यापेक्षा चिखल जास्त. पाणी मागे हटलं होतं आणि बुडालेल्या गावाची जोती, एका विहिरीचं तोंड आणि पायऱ्यांचा एक तुकडा उन्हात वाळत पडले होते. समोरच्या उतारावर कुणीतरी भातरोपांसाठी राब भाजत होतं. त्याचा धूर सरळ वर न जाता पाण्यावर आडवा पसरला होता. पलीकडच्या काठावरच्या रिसॉर्टवर शनिवारचा डीजे सुरू होता. त्याची गाणी इथवर येत नव्हती, नुसती धडधड येत होती.

"आगं, जेवून घे की आधी," आतून अम्मी म्हणाली. "ते डबडं काय कुटं पळून चाललंय व्हय?"

"तेच तर, अम्मी. पळूनच चाललंय."

ते खरंच होतं. मागच्या खोलीतल्या फळीवर अब्बांची पेटी होती. पेटी म्हणजे छोटा सर्व्हर. निलोफरनेच तो काही वर्षांपूर्वी जुळवून दिला होता, आणि गावातल्या लोकांना बराच काळ वाटत होतं की फकरूभाई आता हार्मोनियम शिकणार. पेटीतल्या दोन डिस्कपैकी एक अब्बांच्या आजारपणातच गेली. दुसरी आता मधूनच टकटक करायची आणि गप्प व्हायची. तो आवाज निलोफरच्या ओळखीचा होता. महाळुंग्याच्या ऑफिसात तिचं कामच ते होतं, लोकांच्या फायली दूरच्या सर्व्हरवर सांभाळायच्या आणि हरवल्या की शोधून द्यायच्या. अशी टकटकणारी डिस्क कधी आठवडा काढते, कधी दुपारही काढत नाही.

फकरुद्दीन मुलाणींचं पौडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप गेले, तरी दुकान राहिलं, कारण त्यांचा जीव यंत्रात नव्हताच, आवाजात होता. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर बसून ते खोऱ्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज भरून आणत. बुडालेल्या गावांच्या आठवणी, भातलावणीची गाणी, भांडणं, शिव्यासुद्धा. प्रत्येक माणसाची एक फाइल, फाइलला त्या माणसाचं नाव. भरायची पद्धतही ठरलेली. यंत्र सुरू करायचं आणि समोरच्याला नावाने हाक मारायची, एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. त्याने "ओ" दिली की बोलणं सुरू.

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे इथल्या पोरांना चालायला लागायच्या आधी शिकवतात. धरणातलं माणूस एकदाच हाक मारतं, अम्मी सांगायची. दुसऱ्या हाकेला त्याचा दम पुरत नाही. म्हणून दुसरी हाक येईपर्यंत तोंड मिटून ठेवायचं. निलोफर शिकली, शहरात गेली, सगळ्यावर हसायला लागली. पण बावधनच्या फ्लॅटमध्ये शेजारणीने जिन्यातून हाक मारली तरी ती अजूनही दुसरीची वाट पाहायची. शेजारणीला ती जरा बहिरी वाटायची.

म्हणजे अब्बांचा आवाज पेटीत भरपूर होता. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला दोन हाका होत्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या नावाच्या.

तिच्या नावाची एकही नव्हती. "घरच्यांचा आवाज कशाला भरायचा? घरचे काय, समोरच हायेत," असं ते म्हणायचे. फोनवर तर ते बोलायचेच नाहीत. "हां, घे, अम्मीशी बोल," एवढ्यावर फोन पुढे जायचा. ती दोन अक्षरं, निलू, ज्या पद्धतीने ते म्हणायचे, 'लू' जरा खाली सोडून, हातातलं काम न थांबवता, ती तिला अजून आठवत होती. पण अब्बा जाऊन चाळीसावा झाला तसं तिच्या लक्षात आलं होतं की आठवण दर वेळी थोडी घासली जातेय. शेवटी शेवटी दवाखान्यात ते अम्मीला म्हणाले होते, "निलूचं राहिलं."

काय राहिलं, ते अम्मीने विचारलं नाही. पण निलोफरने त्याचा एकच अर्थ लावला होता. त्यांनी कधीतरी तिच्यासाठी काही भरायला घेतलं होतं, आणि ते पेटीत कुठेतरी असणार. डिस्क मरायच्या आत सगळं बाहेर काढायचं, आणि ते शोधायचं. त्यासाठीच तिने रजा टाकली होती.

पेटीच्या यूएसबीच्या खोबणी इथल्या पावसाळ्यांनी गंजवून टाकल्या होत्या. जे आणायचं ते नेटवर्कच्या केबलवरूनच आणावं लागणार होतं. मागच्या खोलीतून ती केबल माजघरातून फिरवून पडवीपर्यंत आणलेली होती. अम्मी येताजाता तिला अडखळायची आणि पुटपुटायची.

रोग तिच्या ओळखीचा होता. फोल्डर मोठा असला की सर्व्हर सगळी नावं एकदम सांगत नाही. थोडी सांगतो आणि सोबत एक खूण देतो. पुढची हवी असली की ती खूण दाखवायची, मग तो तिथून पुढे वाचतो. ही खूण तो नावावरूनच काढतो, एक गणित करून. क्वचित दोन वेगळ्या नावांची खूण एकच येते. अशी टक्कर झाली की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. तो खूण दाखवतो, सर्व्हर त्याला मागच्या नावापाशी नेऊन सोडतो, आणि तीच नावं पुन्हा सुरू होतात. चकवा लागल्यासारखं माणूस त्याच बांधावर परत येतं.

"काय गं, गारुड्याचा खेळ चाललाय का?"

पडवीच्या पायरीवर बुद्धभूषण उभा होता. गावातल्या झेडपीच्या शाळेत तो मास्तर. निलोफरपेक्षा थोडा मोठा, लहानपणी याच पडवीत तिच्या वाटणीची बोरं खाल्लेला. उन्हाने लाल झालेला चेहरा त्याने उपरण्याने पुसला.

"ये, भूषणदादा. बस."

"मैमुनाकाकी, पाणी मिळंल का?" त्याने आत आवाज दिला.

अम्मीची नवरा गेल्यावरची इद्दत चालू होती. ती बाहेरच्या माणसासमोर येत नव्हती. "ठिवलंय बघ उंबऱ्यावर," दाराआडून उत्तर आलं. "तुजं नाक पुसलंय मी लहानपणी, पर आता तुज्याशी दाराआडून बोलायचं. काय करणार?"

"नाक अजून तसंच गळतंय, काकी."

"मग बायकोला सांग पुसाया."

तो हसला, तांब्या उंचावरून तोंडात ओतला, आणि तांब्या हातातच धरून म्हणाला, "उद्या आईचं वर्षश्राद्ध... म्हणजे पुण्यानुमोदन. विहारात लोक जमतील. काकांनी तिची गाणी भरली होती ना? दुसरीकडं कुटंच तिचा आवाज न्हाई गं. फोटो हायेत ढीगभर. फोटो काय बोलत न्हाई."

जाईबाई. निलोफरने मान हलवली. हे नाव तिने दिवसभरात अनेकदा वाचलं होतं. यादी जिथून मागे वळत होती ते नाव तेच होतं.

तिने ते त्याला सांगितलं नाही. "देते," एवढंच म्हणाली.

तो वाकून स्क्रीन पाहत होता. एका कोपऱ्यात नेटवर्कवरच्या दोन यंत्रांची नावं होती. "हे मुलाणी म्हणजे काकांची पेटी. आणि हे निलोफर?"

"हा लॅपटॉप. नोकरीला लागले तेव्हा मीच नाव दिलं."

"स्वतःचंच? हाय का आता! मग उद्या कुणी हाक मारली तर ओ कोण देणार?"

"जी मोकळी असेल ती."

"आई असती तर म्हणाली असती, आधी दुसरी हाक येऊ दे." तो उठला. "बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या तिला. भूतखेत मानणाऱ्याला फटकन बोलायची. पण पहिल्या हाकेला ओ? नाव सोड. आमी हसायचो."

तो गेल्यावर निलोफर मागच्या खोलीत गेली. पेटीला थेट पडदा आणि जुना गोल पिनेचा कीबोर्ड जोडले आणि नेटवर्क सोडून पेटीलाच नावं विचारली. यादी सुरळीत आली आणि सुरळीत संपली. जाईबाई तिच्या जागेवर होती. मग तिने प्रत्येक नावाची खूण काढून एकमेकींशी ताडून पाहिली. एकही टक्कर नव्हती. प्रत्येकाची खूण वेगळी होती.

ती स्टुलावर बसून राहिली. खोलीत अब्बांच्या सोल्डरिंगचा, राळेचा वास अजून होता. टकरीला दोघं लागतात. पेटीत एकच होतं.

पडवीत येऊन तिने उपाय बदलला. नावं पेटीकडून घेतली होतीच. आता यादी मागायचीच नाही. एकेका नावाने फाइल मागायची. तिने छोटासा प्रोग्राम लिहिला आणि केबलवर काय बोलणं चालतं ते सगळं टिपून ठेवायला दुसरा लावला. फायली येऊ लागल्या. लॅपटॉपला जोडलेल्या नव्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. तिला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी. ती जेवली. अम्मीने बोंबलाची चटणी केली होती.

जेवून आल्यावर टिपलेलं बोलणं तिने सहज चाळलं, आणि पुन्हा वरपासून वाचलं. लॅपटॉप नाव घेऊन फाइल मागायचा, पेटी गप्प. थोडं थांबून लॅपटॉप तेच नाव पुन्हा घ्यायचा. पेटी लगेच द्यायची. एकदा नाही, प्रत्येक नावाला असंच. नेटवर्कवर असं होतं. हाक वाटेत हरवते, म्हणून यंत्रं पुन्हा हाक मारतात. पण हरवायची तर कधीतरी हरवेल. इथे पहिली हाक पेटीपर्यंत पोचत होती, पोचल्याची पावतीही येत होती. पेटी फक्त ओ देत नव्हती.

"अम्मी," ती म्हणाली, "अब्बांची पेटी पण पहिल्या हाकेला ओ देत नाही."

आत भांडी थांबली. "त्यात हसण्यासारकं काय हाय?" अम्मी म्हणाली.

रविवारी सकाळी बुद्धभूषण पेनड्राइव्ह घेऊन आला. आवाज नीट आहे का पाहायला निलोफरने अब्बांचा दुकानातला जुना स्पीकर लॅपटॉपला जोडला. आधी वारा ऐकू आला, कोंबडी, लांब कुठेतरी कुऱ्हाडीचा ठोका. मग अब्बा.

"जाईबाई."

मग नुसता वारा.

"जाईबाई."

"ओ! ऐकलंय पहिल्यांदाच, काय बहिरी न्हाई मी," म्हातारी म्हणाली आणि लगेच गायला लागली.

बुद्धभूषण खाली मान घालून ऐकत राहिला. गाणं संपल्यावर त्याने पेनड्राइव्ह खिशात घातला, वरून खिसा दाबला, आणि निघाला. पायऱ्या उतरून गेल्यावर वळून म्हणाला, "तुझं काय? तुला सापडलं का तुझं?"

"सापडेल," ती म्हणाली.

दुपारपर्यंत सगळ्या फायली नव्या डिस्कवर आल्या. तिने त्यांची सुरुवात एकेक करून ऐकली, नुसती हाकांपुरती. निर्मला, निर्मला. निवृत्ती, निवृत्ती. अब्बांचा आवाज कधी तरणा होता, कधी थकलेला, एकदोनदा सर्दी झालेला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

काम खरं म्हणजे संपलं होतं. पेटी बंद करता आली असती. पण अडकलेली यादी तशीच टाकून उठणं तिच्याने होईना. ऑफिसातही तिची हीच ख्याती होती. इतर लोक यंत्र बंद करून चालू करायचे, निलोफर कारण शोधायची. तिने नावांचा एकेक घास मोठा केला, म्हणजे एकाच वेळी पेटीने जास्त नावं सांगावीत आणि ती टक्कर घासाच्या मधोमध यावी, कडेला नको. आणि पुन्हा नेटवर्कवरून यादी मागितली.

या वेळी यादी वळली नाही, शेवटपर्यंत गेली. तिने ती पेटीच्या यादीशेजारी ठेवली. आकडा जुळत होता. नावं मात्र एका जागी वेगळी होती. जिथे जाईबाई असायला हवी होती तिथे लिहिलं होतं, निलोफर.

माजघरातल्या घड्याळाखाली अम्मी तांदूळ निवडत होती. सुपाची सळसळ ऐकू येत होती.

लॅपटॉपचं नाव, तिने स्वतःला सांगितलं. लॅपटॉपचं नाव कुठून तरी यादीत मिसळलंय. तात्पुरत्या साठ्यातलं शिळं काहीतरी असेल. तिने साठा पुसला, जोडणी तोडून पुन्हा जोडली आणि यादी मागितली. नाव तिथेच होतं. मागच्या खोलीत जाऊन पेटीलाच विचारलं. पेटीत असं काही नव्हतं. पडवीत आली. होतं. तिने त्या नावाची खूण काढली. ती जाईबाईच्या खुणेशी आकडा न् आकडा जुळली.

टक्कर खरीच होती. त्यातलं दुसरं नाव फक्त केबलच्या या टोकाला दिसत होतं.

तिने फाइल मागितली. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं. पहिल्याच हाकेला.

तिने पुन्हा मागितली. उघडली. आत काही नव्हतं, लांबी शून्य. पण शेवटचा बदल कधीचा, तर आत्ताचा. तिने घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा विचारलं. पुन्हा आत्ताचाच.

"अम्मी, जरा इकडे ये."

अम्मी उंबऱ्यापर्यंत आली. पडवीत कुणी नाही असं पाहून तिने पदर खांद्यावर घेतला. स्क्रीनवरचं तिला वाचता येत नव्हतं, पण निलोफरचा चेहरा येत होता.

"सापडलं?"

"नाव सापडलंय. अजून आत काही नाही."

अम्मी खाली धरणाकडे पाहत होती. डीजे आज बंद होता. राबाचा धूर नव्हता. पाणी काल होतं तिथेच होतं. "राहू दे, निलू," ती म्हणाली. "कवातरी काय राहिलं तर राहू द्यावं."

"अब्बा म्हणाले ना, निलूचं राहिलं?"

"म्हनले. पर तवा त्यांचा हात माज्या हातात हुता, आन् ते दाराकडं बघत हुते. तितं कुनीच नव्हतं."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू रडशील म्हनून."

निलोफर रडली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली. "मी आणणार आहे ते," ती म्हणाली, आणि फाइल पुन्हा उघडली, या वेळी लिहिण्यावाचण्याचा पूर्ण हक्क मागून. पेटीने तो दिला. असा हक्क दिला की सर्व्हर फाइल जणू उसनी देतो. हवं तेव्हा उलट हाक मारून परत मागतो. दिलेलं परत दे, एवढंच तो म्हणतो. हाक मारण्याचा हक्क त्यालाही असतो.

स्पीकर खरखरला.

प्लेअर तिने सुरू केलेला नव्हता.

आधी वारा. मग एक कावळा. तोच कावळा, जो आत्ता पडवीच्या कौलावर ओरडला होता. तो आधी कौलावर ओरडायचा आणि क्षणभराने स्पीकरमध्ये. अम्मीच्या पदराला चिकटलेले दोन तांदूळ फरशीवर पडले. तेही पडले आणि मग पुन्हा पडले.

अम्मीने उंबरा ओलांडला. तिने निलोफरचं मनगट धरलं.

"निलू."

'लू' जरा खाली सोडलेला. हातातलं काम न थांबवता. सर्दी नाही, थकवा नाही. जसा तिला आठवत होता तसा नाही, त्याहून नेमका. आठवणीत जे घासलं गेलं होतं, तेही त्यात होतं.

तिचे ओठ उघडले. अम्मीचा तळवा तिच्या तोंडावर बसला. त्याला तांदळाच्या पिठीचा वास होता.

दोघी तशाच राहिल्या.

स्पीकरमध्ये वारा होता. अब्बा दोन हाकांमध्ये किती थांबायचे ते निलोफरला आता कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. सकाळपासून ती तेच ऐकत होती. तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. तिने डोळे मिटले. मार ना, अब्बा, ती मनात म्हणाली. एकदा अजून.

दुसरी हाक आली नाही.

वारा मात्र हळूहळू बदलला. तो मोकळ्यावरचा राहिला नाही. वर कुठेतरी झाकण ठेवल्यासारखा जड झाला.

निलोफरने अम्मीचा हात बाजूला केला, वाकली, आणि लॅपटॉपची केबल उपटून काढली. स्पीकर गप्प झाला. मागच्या खोलीत डिस्क टकटकली, एकदा लांब घासली आणि बंद पडली.

कौलावरून कावळा उडाला. एकदाच.

"न्हाई ना दिलीस?" अम्मीने विचारलं. "ओ न्हाई ना दिलीस?"

निलोफरने मान हलवली.

अम्मीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि तिच्या कपाळावर फुंकर घातली. "चल, असरची वेळ झाली. मी नमाज पढून येते. तू पानी पी." ती आत गेली. हातपाय धुतल्याचा आवाज आला, मग मोरीचा नळ बंद झाला.

निलोफर पाणी प्यायली. खाली चिखलातल्या पायऱ्यांवर एक बगळा चालत होता. मग तिने सवयीने, काम संपल्यावर नेहमी करायची तसं, टिपून ठेवलेलं बोलणं उघडलं. शेवटून वाचायला सुरुवात केली.

केबल तुटली ती जागा तिला सापडली. त्याच्या वर बराच वेळ काही नव्हतं. त्याच्याही वर, पेटीची उलट हाक होती. मुलाणीकडून, निलोफरला. एकदाच.

आणि तिच्या लगेच खाली, डोळ्याचं पातं लवायच्या आत, उत्तर होतं. निलोफरकडून, मुलाणीला.

यंत्र दुसऱ्या हाकेची वाट पाहत नाही. त्याला तसं कुणी शिकवलेलंच नसतं. तिने स्वतःचं तोंड मिटून धरलं होतं, अम्मीने वरून हात ठेवला होता, आणि तिच्या नावाने मेजावर बसलेल्या त्या दुसरीने पहिल्याच हाकेला ओ देऊन टाकली होती.

तिने नवी डिस्क उघडली. ही डिस्क पेटीची नव्हती. हिच्यावरची यादी सरळ, बाराखडीने लागलेली होती. निर्मला. त्याखाली निलोफर. त्याखाली निवृत्ती.

लांबी आता शून्य नव्हती. अगदी थोडी होती. एवढ्यात शब्द मावला नसता. एखादं अक्षर मावलं असतं.

तिने ती ऐकली नाही. माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

आत जानमाज गुंडाळल्याची सळसळ झाली. स्वयंपाकघरात ताटली वाजली.

"निलू," अम्मीने हाक मारली. मग, शिकवल्याप्रमाणे थांबून, जिवंत माणसाने मारावी तशी पुन्हा एकदा, "निलू गं!"

निलोफरने तोंड उघडलं. छाती भरून आली, घसा ताणला गेला, ओठ गोल झाले.

"ओ," स्पीकर म्हणाला, तिच्याच आवाजात.

स्वयंपाकघरातली ताटली पुन्हा वाजली, मग पाण्याचा नळ सुटला. अम्मीला ओ ऐकू आली होती.